गुठळी, रक्त आणि घड्याळ

पक्षाघात झालेल्या माणसाच्या मेंदूत नेमकं काय घडलं आहे, हे 1971 पर्यंत डॉक्टरला खात्रीने कळायचं ते बहुधा शवविच्छेदनाच्या टेबलावर. तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलत नाही, शब्द फुटत नाही, हे खाटेशेजारी उभं राहून दिसतं. त्यावरून मेंदूचा कोणता भाग दगावला याचा अंदाजही मुरलेला डॉक्टर बांधू शकतो. पण कशाने दगावला? रक्तवाहिनीत गुठळी अडकून पुढचा पुरवठा थांबला, की वाहिनीच फुटून रक्त मेंदूत सांडलं? डोकेदुखी, उलटी, चढलेला रक्तदाब, मंदावलेली शुद्ध यांवरून रक्तस्रावाची शंका घेता येते, पण ती शंकाच. दोन्ही प्रकारचे रुग्ण हुबेहूब सारखे दिसू शकतात. उपचार मात्र एकमेकांच्या उलट. एकाला गुठळी विरघळवणारं औषध हवं, दुसऱ्याला तेच औषध घेऊन जाईल.

अडचण कवटीची होती. साध्या एक्स-रेत हाड ठळक उमटतं आणि आतला मेंदू जवळजवळ अदृश्य राहतो. त्यावर तोड म्हणून वॉल्टर डँडी या अमेरिकी सर्जनने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढायची युक्ती शोधली. हवेच्या कडांवरून मेंदू एका बाजूला सरकलाय का ते कळे. रुग्णाला मात्र नंतर भयंकर डोकेदुखी आणि उलट्या सोसाव्या लागत. 1927 मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझने मानेतल्या रोहिणीत डाय टोचून जिवंत माणसाच्या मेंदूतल्या वाहिन्यांचं चित्र काढलं. (मोनिझला 1949 मध्ये नोबेल मिळालं ते याबद्दल नव्हे. मेंदूचे तंतू कापून मनोविकार बरे करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल मिळालं, आणि ते परत घ्यावं असं म्हणणारे लोक आजही आहेत. द्यायचंच होतं तर या चित्रासाठी द्यायला हवं होतं.) वाहिन्या दिसल्या, तरी त्यांच्याभोवतीचा मेंदू अजून अंधारातच होता.

तो अंधार दूर केला सीटी स्कॅनचं यंत्र बनवणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफील्डने. हा नॉटिंगहॅमशायरमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. विद्यापीठाची पदवी नाही. ईएमआय कंपनीत रडार आणि संगणकांवर काम करणारा अबोल इंजिनिअर. बीटल्सच्या तबकड्या काढणारी ईएमआय ती हीच, त्यामुळे बीटल्सच्या पैशांतून सीटी जन्मला अशी गोष्ट आवडीने सांगितली जाते. ब्रिटनच्या आरोग्य खात्यानेही त्यात मोठी रक्कम घातली होती, हे मात्र त्या गोष्टीत सहसा येत नाही. हाउन्सफील्डची कल्पना अशी होती: एकाच बाजूने एक्स-रे काढला की सगळ्या थरांच्या सावल्या एकमेकींवर पडतात; पण डोक्याच्या एकाच पातळ चकतीतून चहूबाजूंनी किरण पाठवले आणि प्रत्येक वेळी पलीकडे किती किरण पोचले ते मोजलं, तर त्या चकतीतल्या प्रत्येक ठिपक्याने किती किरण गिळले ते गणिताने काढता येईल. प्रयोगशाळेतला त्याचा पहिला स्कॅन पूर्ण व्हायला 9 दिवस लागले होते.

1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनजवळ विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात रेडिओलॉजिस्ट जेम्स अँब्रोज यांच्यासोबत त्याने पहिल्या रुग्णाचा स्कॅन काढला. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याची शंका असलेली ती बाई होती. एका चकतीला चार-पाच मिनिटं लागत. मोजमापं चुंबकीय फितीवर उतरवून गणितासाठी ईएमआयच्या संगणकाकडे पाठवावी लागत. परत आलं ते 80 बाय 80 ठिपक्यांचं चित्र. आजच्या मोबाइलवर ते कोणी दुसऱ्यांदा बघणार नाही. पण त्यात गाठ स्पष्ट दिसत होती, आणि सर्जनने कवटी उघडल्यावर ती चित्रात होती तिथेच सापडली. 1979 मध्ये हाउन्सफील्ड आणि या चित्रामागचं गणित स्वतंत्रपणे मांडणारे अ‍ॅलन कॉरमॅक यांना नोबेल मिळालं.

पक्षाघाताच्या दृष्टीने या यंत्राची थोरवी एका आकड्यात आहे. सीटीत प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा मिळतो आणि त्या एककाला हाउन्सफील्डचंच नाव आहे. पाणी शून्य, हवा उणे 1000. मेंदूचा पांढरा भाग पंचवीस-तीसच्या आसपास, करडा भाग त्याहून थोडा वर, पस्तीस-चाळीस. वाहिनीतून बाहेर पडून गोठलेलं ताजं रक्त मात्र 60 ते 80. हिमोग्लोबिन हे भरगच्च प्रथिन असल्यामुळे रक्तस्राव काही मिनिटांतच पांढराशुभ्र दिसतो. तो ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. रात्रपाळीचा तरुण डॉक्टरही चुकत नाही.

गुठळीचा पक्षाघात अगदी उलटा. रक्त न मिळालेल्या पेशी हळूहळू पाणी शोषून फुगतात, आणि मेंदूच्या त्या भागात पाणी एक टक्क्याने वाढलं तर घनतेचा आकडा जेमतेम अडीचने उतरतो. पहिल्या दोन-तीन तासांत हा फरक सहसा डोळ्याला दिसेल असा नसतो. म्हणून नातेवाइकांना हमखास पडणारा प्रश्न: ‘सीटी नॉर्मल आला म्हणताय, मग हात का हलत नाही?’ कधी कधी याच गैरसमजापायी लोक निश्चिंत होऊन रुग्णाला घरी नेतात, किंवा आता एमआरआय निघाल्याशिवाय काही करू नका म्हणून डॉक्टरला अडवून धरतात. खरं तर लकवा मारलेल्या माणसाचा सीटी पहिल्या तासात नॉर्मल येणं म्हणजे रक्तस्राव नाही, आणि म्हणून औषध देता येईल, असा हिरवा कंदील असतो. त्या क्षणी सीटीकडून एवढंच उत्तर हवं असतं.

अर्थात निष्णात डोळ्याला त्या ‘नॉर्मल’ चित्रातही खुणा सापडतात. कानाच्या वरच्या भागातून जाणारी मधली मोठी रोहिणी एका बाजूला जास्त पांढरी दिसते, कारण तिच्यात गुठळी बसलेली असते. करड्या आणि पांढऱ्या भागांमधली सीमारेषा पुसट होते. कॅनडातल्या कॅल्गरीच्या डॉक्टरांनी 2000 साली यासाठी साधी मोजणी ठरवली: त्या रोहिणीच्या इलाख्याचे दहा भाग करायचे आणि जो भाग बिघडलेला दिसेल त्याचा एक गुण कापायचा. दहापैकी दहा म्हणजे नुकसान दिसत नाही. हे गुण आता जगभरातल्या रिपोर्टांत लिहिले जातात, आणि एकाच फिल्मला दोन चांगले रेडिओलॉजिस्ट सात आणि नऊ असे वेगवेगळे गुण देतात, हेही जगभर चालतं.

सीटी 1970 च्या दशकातच मोठ्या रुग्णालयांत आला, तरी पुढची वीस वर्षं त्याचा पक्षाघाताच्या रुग्णाला झालेला उपयोग बेताचाच होता. निदान कळे, पण करणार काय? 1995 मध्ये अमेरिकेतल्या एका सरकारी संस्थेच्या चाचणीने हे बदललं. गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत शिरेतून दिलं, तर तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे होणाऱ्यांचं प्रमाण निदान 30 टक्क्यांनी वाढतं, असं दिसलं. त्याची किंमतही होती. औषध घेतलेल्यांपैकी 6.4 टक्के लोकांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला. न घेतलेल्यांत तो 0.6 टक्के होता. हा धोका पत्करायचा तर आधीच रक्तस्राव झालेला एकही रुग्ण चुकून त्या यादीत येता कामा नये. आधी सीटी, मगच सुई, हा नियम तेव्हापासून पक्का झाला. 2008 मध्ये युरोपातल्या चाचणीने तीन तासांचे साडेचार तास केले.

इथून घड्याळाचं राज्य सुरू झालं. लॉस एंजेलिसचे न्यूरोलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी 2006 मध्ये हिशेब मांडला की मोठी रोहिणी बंद झाली की सरासरी दर मिनिटाला 19 लाख मज्जापेशी मरतात. हा आकडा आता प्रत्येक जनजागृती फलकावर असतो. त्यातला ‘सरासरी’ हा शब्द मात्र फलकावर नसतो, आणि या प्रकरणाचा पुढचा बराचसा भाग त्याच शब्दाचा आहे.

वेळ वाचवायची म्हणजे काय करायचं, हे हेलसिंकीच्या विद्यापीठ रुग्णालयाने दाखवलं. 1998 मध्ये तिथे रुग्ण दारात आल्यापासून औषधाची सुई टोचेपर्यंत साधारण 105 मिनिटं जात. 2011 पर्यंत ती 20 वर आली. त्यासाठी कोणतंही नवं यंत्र आणलं नाही. रुग्णवाहिका निघतानाच फोन करते. रुग्ण पोचायच्या आत त्याचे जुने कागद बघून होतात. रुग्णाला वॉर्डातल्या खाटेवर न उतरवता रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरवरूनच सीटीच्या टेबलावर नेतात. फिल्ममध्ये रक्त नाही असं दिसलं की औषधाचा पहिला डोस त्याच टेबलावर देतात. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत ज्यांनी केसपेपर, पावती, डिपॉझिट, वॉर्ड, आणि मग स्ट्रेचर ढकलत तळमजल्यावरच्या स्कॅन सेंटरपर्यंतची यात्रा केली आहे, त्यांना या यादीतली प्रत्येक ओळ काय सांगते ते कळेल. सीटीला स्वतःला काही सेकंद पुरतात. बाकीचा वेळ खर्च होतो तो रुग्णालयाच्या नकाशावर.

आता त्या सरासरीकडे. सगळ्यांचा मेंदू एकाच वेगाने मरत नाही, ही गोष्ट 1970 च्या दशकात लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये बबून माकडांवर केलेल्या प्रयोगांतून पुढे आली. निरोगी मेंदूला दर 100 ग्रॅममागे मिनिटाला साधारण 50 मिलिलिटर रक्त मिळतं. ते 20 च्या खाली गेलं की पेशींचं विजेचं काम थांबतं: हात लुळा पडतो, बोलणं बंद होतं. पण पेशी जिवंत असतात. दहाच्या आसपास गेलं की मग त्या खरोखर मरतात. या दोन आकड्यांच्या मधल्या, गप्प पण जिवंत भागाला अस्ट्रुप, सायमन आणि सीशो या संशोधकांनी पेनम्ब्रा हे नाव दिलं. कालव्याचं दार बंद झालं की मुखाजवळची पिकं आधी करपतात. टोकाकडच्या शेतात शेजारच्या ओढ्याचा, विहिरीचा पाझर येत असेल तर तिथलं पीक कोमेजून का होईना, काही काळ तगतं. मेंदूतही शेजारच्या रोहिण्यांच्या बारीक फाट्यांतून असा पाझर येतो. कोणाकडे तो भरपूर असतो, कोणाकडे अगदीच नाममात्र. त्यामुळे तिसऱ्या तासाला एकाचा अर्धा मेंदू गेलेला असतो आणि दुसऱ्याचा बाराव्या तासालाही बराचसा वाचवण्याजोगा असतो. भिंतीवरच्या घड्याळाला हा फरक दिसत नाही. त्यासाठी मेंदूत डोकवावं लागतं.

डोकवायची पहिली चांगली खिडकी एमआरआयने उघडली. फ्रान्सचे डेनी ल बिहां यांनी 1980 च्या दशकात पाण्याच्या रेणूंची बारीक हालचाल टिपणारं एमआरआय तंत्र बसवलं. 1990 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल मोझली आणि सहकाऱ्यांनी मांजरांची मेंदूतली रोहिणी बंद करून ते वापरलं, तेव्हा एरवीच्या चित्रांत काहीच दिसत नसताना मेंदूचा तो भाग या चित्रात लखलखून उठला. कारण साधं आहे. पेशीला प्राणवायू मिळेनासा झाला की तिच्या पडद्यावरचे सोडियमचे पंप बंद पडतात, बाहेरचं पाणी आत शिरतं, आणि आतल्या गर्दीत त्याला पूर्वीसारखं मोकळं फिरता येत नाही. एमआरआय हे अडलेलं पाणी पकडतं. जे सीटीत सहा तासांनीही धूसर असतं ते इथे काही मिनिटांत दिसतं. याला डॉक्टर ‘डिफ्युजन’ म्हणतात, आणि ‘डिफ्युजन पॉझिटिव्ह आहे’ हे वाक्य फोनवर ऐकलं की न्यूरोलॉजिस्टला पुढचं फारसं विचारावं लागत नाही.

दुसरी खिडकी परफ्युजनची. सीटी किंवा एमआरआय करतानाच शिरेतून डाय सोडून तो मेंदूत कुठे किती उशिरा पोचतो ते मोजायचं. जिथे डाय उशिरा पोचतो पण पेशी अजून मेलेल्या नाहीत, तो पेनम्ब्रा. आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यांत कामाची, खिडकी म्हणजे सीटी अँजिओग्राफी: मानेपासून कवटीपर्यंतच्या रोहिण्यांचा डाय घालून काढलेला स्कॅन. गुठळी कुठे बसली आहे ते थेट दाखवणारा.

या खिडक्यांची किंमत काय आहे ते 2013 च्या फेब्रुवारीत होनोलुलूमध्ये कळलं. तोवर मांडीतल्या रोहिणीतून नळी घालून मेंदूतली गुठळी ओढून काढायची थ्रॉम्बेक्टॉमी ही शस्त्रक्रिया कित्येक वर्षं चालू होती. ती करणाऱ्यांची तिच्यावर श्रद्धा होती, कारण डोळ्यांसमोर गुठळी निघून रक्त पुन्हा वाहताना दिसे. होनोलुलूच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत एकदम तीन चाचण्यांचे निकाल जाहीर झाले आणि तिन्ही नापास. त्यांतल्या सर्वांत मोठ्या, 656 रुग्णांच्या आयएमएस-3 मध्ये गुठळी काढलेल्यांपैकी 40.8 टक्के लोक स्वतःचं स्वतः करू लागले. नुसतं औषध दिलेल्यांत 38.7 टक्के. म्हणजे फरक नाहीच. काही देशांत विमा कंपन्या आणि सरकारं या उपचाराचे पैसे देणं बंद करतील अशी चिन्हं दिसू लागली.

मग बारकाईने बघितलं तेव्हा लक्षात आलं की आयएमएस-3 मध्ये रुग्ण निवडताना मोठी रोहिणी बंद आहे का हे आधी तपासायची सक्तीच नव्हती. लक्षणांवरून अंदाज बांधायचा आणि नळी घालायची. काही रुग्णांत काढायला गुठळीच नव्हती! गुठळी ओढायची साधनंही जुन्या पिढीची होती, आणि रुग्ण टेबलावर यायला उशीर होत होता. तीनपैकी एका चाचणीने पेनम्ब्रा दाखवणारी चित्रं वापरली होती आणि तरीही ती फसली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. चित्र कितीही चांगलं असलं तरी गुठळी निघालीच नाही तर त्याचा उपयोग शून्य.

वीस महिन्यांनी, ऑक्टोबर 2014 मध्ये, इस्तंबूलच्या जागतिक परिषदेत नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी एमआर क्लीन या चाचणीचे आकडे वाचले. पाचशे रुग्ण, 16 रुग्णालयं, सहा तासांची मर्यादा, आणि एक साधी अट: मोठी रोहिणी बंद असल्याचं चित्रात दिसलंच पाहिजे. स्वावलंबी झालेले 32.6 टक्के विरुद्ध 19.1. फेब्रुवारी 2015 पर्यंत, नॅशव्हिलच्या परिषदेत, आणखी तीन चाचण्यांनी तेच सांगितलं आणि लवकरच पाचवीही त्यांच्या रांगेत आली. मेलबर्नच्या चाचणीत फक्त 70 रुग्ण होते, पण परफ्युजनने इतके नेमके निवडलेले की 71 टक्के स्वावलंबी झाले, विरुद्ध गटात 40. कॅल्गरीच्या चाचणीत बाजूच्या फाट्यांचा पाझर कसा आहे ते अँजिओग्राफीत बघून रुग्ण घेतले, आणि तिथे मृत्यूही जवळपास निम्म्यावर आले. दोन वर्षांपूर्वी ज्या उपचाराचा मृत्युलेख लिहायला घेतला होता, तो वैद्यकातल्या सर्वांत प्रभावी उपचारांत जाऊन बसला. रोग तोच होता. बदललं ते गुठळी ओढायचं साधन, वेग, आणि कोणाला टेबलावर घ्यायचं हे ठरवणारं चित्र.

2018 मध्ये घड्याळाला आणखी मोठा धक्का बसला. डॉन आणि डिफ्यूज-3 या चाचण्यांनी सहा तास उलटून गेलेले रुग्ण घेतले, पहिलीने थेट 24 तासांपर्यंतचे. डॉनची मुख्य अट: हातापायाचं नुकसान मोठं, पण चित्रात मेलेला भाग छोटा. डॉनमध्ये गुठळी काढलेल्यांपैकी 49 टक्के स्वावलंबी झाले, इतरांत 13. त्याच वर्षी हॅम्बुर्गच्या पुढाकाराने झालेल्या वेक-अप चाचणीने झोपेत लकवा मारलेल्यांचा प्रश्न सोडवला. रात्री दहाला नीट झोपलेला माणूस सकाळी सहाला हात लुळा घेऊन उठतो. सुरुवात कधी झाली? कोणालाच ठाऊक नाही. नियमाप्रमाणे शेवटचं नीट पाहिल्याची वेळ रात्री दहा, म्हणजे औषधाची मुदत संपली. पक्षाघाताचा साधारण दर पाचवा रुग्ण असा असतो. वेक-अपने एमआरआयचं घड्याळ केलं. डिफ्युजनमध्ये डाग काही मिनिटांत दिसतो, पण फ्लेअर नावाच्या दुसऱ्या चित्रात तो उमटायला साधारण साडेचार तास लागतात. पहिल्यात डाग आहे आणि दुसऱ्यात नाही, तर घटना नुकतीच घडलेली असणार. अशांना औषध दिल्यावर 53.3 टक्के जवळजवळ पूर्ण बरे झाले, न दिलेल्यांत 41.8.

एवढ्यावर चित्राची सरशी झाली असं म्हणून थांबता आलं असतं. पण पुढच्या पाच वर्षांत एक अडचणीची गोष्ट घडली. चित्र ‘हो’ म्हणायला शिकलं होतं, तसं ते ‘नाही’ही म्हणायला लागलं होतं. मेलेला भाग मोठा दिसला की रुग्णाला परत पाठवत. 2022 मध्ये जपानच्या आणि 2023 मध्ये चीन आणि इतर देशांतल्या चाचण्यांनी मुद्दाम असेच नाकारलेले रुग्ण घेतले. त्यांच्यातही गुठळी काढल्याने फायदा झाला. चिनी चाचणीत स्वावलंबी झालेले 30 टक्के विरुद्ध 11.6. रक्तस्राव जास्त झाले, तरी हिशेब फायद्याचाच निघाला. म्हणजे अनेक वर्षं आपण चांगल्या सॉफ्टवेअरच्या रंगीत नकाशावर विसंबून काही वाचू शकणारी माणसं नाकारत होतो. तेव्हा नकाशा ‘हो’ म्हणाला तर लगेच ऐकावं. ‘नाही’ म्हणाला तर रुग्णाच्या वयाकडे, आधीच्या तब्येतीकडे, घरच्यांच्या म्हणण्याकडे बघून एकदा वाद घालावा, असं माझं मत आहे.

सगळ्यांत चांगलं चित्रही एका ठिकाणी दगा देतं: मेंदूच्या मागच्या बाजूला. लहान मेंदू आणि मेंदूचा देठ यांतला पक्षाघात हात-पाय लुळे न करता नुसती चक्कर, उलटी, तोल जाणं एवढंच घेऊन येतो. सीटीत कवटीच्या तळाचं जाड हाड आडवं येतं, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत डिफ्युजनही अशा बारीक पक्षाघाताला कधी कधी चुकवतं. अशा वेळी डोळ्यांच्या हालचाली नीट तपासणारा डॉक्टर यंत्राहून भरवशाचा ठरू शकतो. आणखी एक गोष्ट यंत्राआधीची: रक्तातली साखर फार उतरली तर हुबेहूब लकव्याचं चित्र उभं राहतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याच्या बोटाला टोचून साखर बघायला अर्धं मिनिट लागतं, आणि त्यासाठी स्कॅनची गरज नाही.

चित्राचं काम निदानाबरोबर संपत नाही. गुठळीचं औषध दिल्यावर 24 तासांनी पुन्हा सीटी काढतात आणि त्यात रक्त नाही हे बघूनच अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. मोठा पक्षाघात झाला असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेंदू सुजतो, आणि कवटीत जागा नसल्याने तो खालच्या देठावर दाब देतो. ही सूज डिफ्युजनवर 145 मिलिलिटरहून मोठा डाग बघून आधीच ओळखता येते. अशा वेळी कवटीचं मोठं हाड काढून सुजेला बाहेर वाट देतात. साठीच्या आतल्या रुग्णांवर 48 तासांत ही शस्त्रक्रिया केली तर वाचणाऱ्यांचं प्रमाण 29 टक्क्यांवरून 78 टक्क्यांवर जातं, असं 2007 मध्ये तीन युरोपीय चाचण्या एकत्र करून दिसलं. वाचलेल्यांपैकी कित्येकांना पुढे आधाराविना चालता येत नाही. हे नातेवाइकांना आधी सांगावं लागतं, आणि ते संभाषण कोणतंही चित्र सोपं करत नाही. रक्तस्रावाच्या रुग्णांत सीटी मोजपट्टीचं काम करतो: गोळ्याची लांबी, रुंदी आणि उंची गुणून निम्मं केलं की आकारमान मिळतं, आणि काही तासांनी पुन्हा काढलेल्या स्कॅनमध्ये तो वाढला असेल तर पुढचे बेत बदलतात. पुढचा पक्षाघात टाळायचा तर मानेतल्या रोहिणीची सोनोग्राफी करतात. ती 70 टक्क्यांहून जास्त अरुंद झाली असेल तर साफ करून घेण्याचा फायदा 1991 पासून सिद्ध आहे.

या कथेत महाराष्ट्राचे दोन धागे आहेत. गुठळी विरघळवणाऱ्या नव्या टेनेक्टेप्लेज या औषधाला अमेरिकेत पक्षाघातासाठी 2025 मध्ये परवानगी मिळाली. भारतात त्याच्या कित्येक वर्षं आधी ती मिळाली होती आणि पुण्याची जेनोव्हा कंपनी ते बनवते. ते एका फटक्यात शिरेत देता येतं, तासभर सलाइनच्या पंपावर लावावं लागत नाही, त्यामुळे लहान रुग्णालयातून मोठ्या रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णवाहिकेला ते सोयीचं. दुसरा धागा मुंबईचा. क्युअर डॉट एआय या कंपनीने भारतातल्या केंद्रांमधले डोक्याचे तीन लाखांहून अधिक सीटी स्कॅन वापरून रक्तस्राव, कवटीचं फ्रॅक्चर, मेंदूचं सरकणं हे ओळखणारा संगणकीय प्रोग्राम तयार केला आणि 2018 मध्ये ते काम ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलं. जिथे सीटीचं यंत्र आहे पण रात्री तो वाचणारा रेडिओलॉजिस्ट नाही, तिथे असा प्रोग्राम ‘रक्त आहे’ असा इशारा तरी देऊ शकतो. गुठळीच्या पक्षाघाताच्या सूक्ष्म खुणा सीटीत वाचणं हे त्याच्यासाठीही कठीणच आहे.

आणि शेवटचा प्रश्न यंत्र रुग्णाकडे नेण्याचा. जर्मनीतल्या होम्बुर्गमध्ये क्लाउस फासबेंडर यांनी 2008 पासून सीटी बसवलेली रुग्णवाहिका चालवली: घराच्या दारात स्कॅन, दारातच सुई. खर्च प्रचंड, म्हणून तो प्रयोग मोठ्या शहरांपलीकडे सावकाश पसरतो आहे. भारतात आसाममध्ये अशी गाडी चालवून पाहिली गेली आहे. दुसरीकडे, 2020 मध्ये अमेरिकेत चाकांवरच्या छोट्या एमआरआयला परवानगी मिळाली. त्याचं चुंबक 0.064 टेस्लाचं, म्हणजे रुग्णालयातल्या नेहमीच्या दीड टेस्लाच्या यंत्राच्या विसाव्या भागाहूनही कमी; साध्या प्लगवर चालतं, वेगळी खोली लागत नाही, अतिदक्षता विभागात खाटेपाशी नेता येतं. चित्र धूसर येतं आणि लहान पक्षाघात निसटतात. सूज वाढते आहे का, मेंदू सरकतो आहे का, हे बेशुद्ध रुग्णाला न हलवता रोज बघायला ते चांगलं आहे. पण ताज्या रक्ताबद्दल त्याची खात्री अजून सीटीइतकी नाही, त्यामुळे तालुक्याच्या रुग्णालयाला एकच यंत्र घ्यायचं असेल तर ते सीटीचंच घ्यावं, आणि त्याचा तंत्रज्ञ रात्री अडीचलाही जागा असेल अशी व्यवस्था करावी.